जोडीचा कण

संयोगिता मासाळचं लग्न होऊन महिना झाला होता आणि महिनाभर तिच्या नवऱ्याची कंबर दुखत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नव्हता. सौमित्र देवधर बियाण्यांच्या संशोधन केंद्रात दिवसभर वाकून रोपं मोजायचा आणि त्याची कंबर कॉलेजपासूनच कुरकुरत होती. पण भंडारटेकच्या खंडोबाला जोडीनं जायचं ठरलं आणि संबंध आपोआप जुळला. कारण भंडारटेकला नवी जोडी नुसती चालत वर जात नाही. पहिल्या पाच पायऱ्या नवऱ्यानं बायकोला उचलून चढायच्या असतात.

"पाच म्हणजे अगदी पाचच ना?" सौमित्रनं सासऱ्यांना विचारलं.

"रीत पाचाची," तात्या म्हणाले. "हौस असंल तर पार वरपतोर न्या. आमच्या येळंला पैजा लागायच्या. आताबी लागत्यात."

"हौस नाही," सौमित्र घाईघाईनं म्हणाला.

तात्या हसले. यशवंत मासाळ, म्हणजे संयोगिताचे वडील, हे खंडोबाच्या पालखीचे पहिले मानकरी. पालखी केव्हा उचलायची, कुठे थांबवायची, हे त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर चालायचं. आज चंपाषष्ठी होती. दुपारी पालखी टेकडीवरून उतरून नदीवर आंघोळीला जाणार होती, म्हणून तात्या सकाळीच फेटा बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून तयार होते. जाताजाता लेकीच्या कचेरीत चहा प्यायला टेकले होते.

कचेरी म्हणजे टेकडीच्या पायथ्याची नियंत्रण खोली. समोरच्या भिंतीवर सबंध टेकडी दिसत होती, आणि टेकडीवर मुंग्यांसारखे हलणारे हजारो ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. पडद्यासमोर रुबीना शेख बसलेली. रुबीना संयोगिताची सहकारी, हुशार आणि तोंडाळ, आणि दोन्ही गुण ती सारख्याच उदारपणे वापरायची.

"भाऊजी, तुम्ही मॅडमना उचलणार तेव्हा मी पडद्यावर लक्ष ठेवते," ती म्हणाली. "पडलात तर आधी मला कळेल."

ही गोष्ट आजपासून फार लांबची नाही. आज दप्तर घेऊन शाळेत जाणारी पोरं तेव्हा नोकरीला लागलेली असतील, एवढंच अंतर. तोवर भिंतीपलीकडच्या माणसाचा श्वास ओळखणारे रडार स्वस्त झालेले होते. भंडारटेकच्या पायऱ्यांवर दिव्याच्या प्रत्येक खांबावर तसा एक रडार होता. त्याला चेहरा दिसत नसे, नाव कळत नसे. छातीची वरखाली मात्र अचूक कळे. जितके श्वास, तितकी माणसं. प्रत्येक माणसाचा एक कण बनायचा. तो कुठे आहे, कोणीकडे किती वेगानं चाललाय, किती जागा अडवतोय, असं सगळं त्या कणाला चिकटलेलं असायचं. संयोगितानं पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम त्या कणांचं पुढच्या दहा मिनिटांचं गणित मांडायचा.

गणित कणांचंच का, तर त्याला कारण आहे. गर्दी विरळ असते तोवर माणूस माणसासारखा चालतो. समोरच्याला वाट देतो, ओळखीचं कोणी दिसलं तर थांबतो, चप्पल तुटली तर वाकतो. पण दाटी एका मर्यादेपलीकडे गेली, अंगाला अंग चिकटलं, की त्याची मर्जी संपते. मग तो कणगीतल्या जोंधळ्याच्या दाण्यासारखा होतो. दाण्यावर दाण्याचा दाब येतो, तो पुढच्या दाण्यावर जातो, आणि कोणीही न ढकलता सगळी रास सरकते. वाईटपणा कोणाचाच नसतो आणि माणसं मरतात.

हे संयोगिताला पुस्तकातून कळलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी याच पायऱ्यांच्या वळणावर, दोन दीपमाळांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, खाली येणारी पालखी आणि वर जाणारी माणसं अडकली होती. कोणी ओरडलं 'थांबवा', कोणी ओरडलं 'पुढं न्या', आणि तात्या कोणाचं ऐकावं या विचारात असतानाच होऊ नये ते झालं. गेलेल्यांमध्ये संयोगिताचे धोंडीमामा होते. तिला कडेवर घेऊन हीच टेकडी चढणारे मामा. तिनं पुण्यातली नोकरी सोडली आणि हे यंत्र उभं केलं.

पडद्यावर रंग आले त्या वर्षी तिनं तात्यांच्या तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. खंडोबाच्या मुलखात याहून मोठी शपथ नाही. सगळ्या गावासमोर तात्यांनी बेल-भंडार उचलला: जत्रेच्या दिवशी पालखी थांबेल ती फक्त पडदा लाल झाला तर. कोणाच्या तोंडच्या शब्दावर नाही. मग तो पाटलाचा असो, फौजदाराचा असो, नाहीतर पोटच्या पोरीचा.

"पडदा कसा हाय?" चहा संपवून तात्यांनी विचारलं.

"हिरवा. वळणावर पिवळा होईल, पण चालेल," संयोगिता म्हणाली.

"मग जातो. जावईबापू, कंबर सांभाळा." हातातला छोटा पडदा कनवटीला खोचून तात्या वरच्या पेठेच्या वाटेनं गडावर निघाले. भिंतीवर दिसायचं तेच त्यांच्या त्या पडद्यावर दिसायचं.

*

पहिल्या पायरीशी ही झुंबड होती. दिवाळीनंतर त्या वर्षी मुहूर्तांचा सुकाळ होता, त्यात चंपाषष्ठी रविवारी आली होती, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे हळद न सुटलेल्या जोड्या. हवेत भंडारा उधळला जात होता आणि सगळ्यांचीच तोंडं पिवळी झाली होती. एक पैलवान नवरा बायकोला घेऊन धावतच वर गेला आणि त्याचे मित्र शिट्ट्या वाजवत त्याच्या मागे. एका नवऱ्याला बायको म्हणत होती, "अहो, फोटो नीट येईस्तोवर ठेवू नका." हातांवर आडव्या बायका, त्यांची पैंजणांची पावलं एकीकडे बाहेर, अंबाड्यांचे गजरे दुसरीकडे बाहेर.

"चला," सौमित्रनं बाह्या सारल्या. "जय मल्हार."

"हळू रे. गुडघ्यातून उचल, कंबरेतून नको."

"हे लग्नाआधी सांगायचं."

त्यानं तिला उचललं. पहिली पायरी झाली. दुसरीवर त्याचा श्वास लागला. लोक 'येळकोट येळकोट' करून जोर देत होते. संयोगिताला हसू आवरत नव्हतं आणि तिच्या कानातल्या यंत्रात रुबीना खिदळत होती. नियंत्रण खोलीच्या माणसांकडे बिल्ला असायचा आणि पडद्यावर त्यांचा ठिपका निळा दिसायचा, नावासकट. आज सौमित्रच्या शर्टालाही रुबीनानं एक बिल्ला टोचला होता, गंमत बघायला.

"मॅडम, काय हे! लग्न झालं आणि तुम्ही गायबच?"

"म्हणजे?" तिसऱ्या पायरीवर संयोगितानं विचारलं.

"अहो, पडद्यावर भाऊजी एकटेच चाललेत. त्यांनी उचललं आणि तुमचा ठिपका गेला. सासर इतकं गोड असतं होय?"

संयोगिता हसली. आणि हसता हसता थांबली. तिनं मान वळवून वर पाहिलं. पायऱ्यांच्या वळणापर्यंत, दीपमाळांपर्यंत, आडव्या बायका आणि त्यांना उचललेले नवरे. पाच पायऱ्यांपाशी कोणी थांबलेलंच नव्हतं. शेकडो जोड्या पैजेनं वर निघाल्या होत्या.

"सौमित्र, खाली ठेव मला."

"तीनच झाल्यात. तात्या काय म्हणतील? होतंय मला."

"ठेव म्हणते ना!"

आणि त्यानं ठेवायची वाट न पाहता तिनं उडी मारली. आजूबाजूच्या बायका 'अगंबाई' म्हणेपर्यंत ती गर्दीतून खाली धावली होती. सौमित्र क्षणभर रिकामे हात पसरून उभा राहिला आणि मग कंबर धरून तिच्या मागे पळाला.

*

"उघड. एक्स्पोर्टर उघड," खोलीत शिरताच ती म्हणाली.

गणित करणारा प्रोग्रॅम आणि चित्र काढणारा प्रोग्रॅम हे दोन वेगळे गडी. पहिल्याला आकड्यांच्या राशी कळतात, दुसऱ्याला बिंदू, रंग आणि आकार. मधे एक दुभाष्या लागतो. दर सेकंदाला सगळ्या कणांची जागा, वेग, आकार घ्यायचे, चित्रवाल्याला समजेल अशा फाइलीत नीट मांडायचे, आणि पुढे सरकवायचे. एक्स्पोर्टर म्हणजे हा दुभाष्या. दिसायला अगदी साधा, पानभराचा प्रोग्रॅम. पण पडद्यावर जे दिसतं ते त्याच्या तोंडून आलेलं असतं. त्यानं एखादा शब्द गाळला तर पलीकडे कळायला मार्ग नाही.

संयोगितानं त्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ तिचीच होती. पहिल्या वर्षी देवस्थानच्या मंडळींना दर्शनाला आलेल्यांची मोजणी हवी होती आणि ती रीतीप्रमाणे हवी होती. देवाच्या दारी जोडपं एक. एक नारळ, एक तळी, एक दंडवत. तेव्हा नवऱ्यानं बायकोला उचललेलं असेल तर दोघांचा कण एकच धरा, असं मंडळींनी सांगितलं. ते ऐकून तिला फार गोड वाटलं होतं आणि तिनं हौसेनं तशी ओळ लिहिली होती: उचललेला कण सोडून दे, उचलणारा ठेव.

तेव्हा ती फाइल फक्त संध्याकाळच्या मोजणीसाठी होती. पुढे पडदा आला तो त्याच फाइलीवर. मग दाबाचे रंग आले, तेही त्याच फाइलीवर. तात्यांचा हातातला पडदा, फाटकावरच्या पोरांचे पडदे, सगळं त्याच फाइलीवर. कोणी एका दिवसात चूक केली नव्हती. घराला एकेक खोली वाढवत जावी आणि एक दिवस लक्षात यावं की सगळा भार न्हाणीघराच्या भिंतीवर आहे, तसं झालं होतं.

"म्हणजे जोडीतला एक माणूस दिसत नाही," सौमित्र धापा टाकत म्हणाला.

"एक नाही. तू मला धरलं होतंस तेव्हा किती जागा अडवली होतीस? माझे पाय इकडे, डोकं तिकडे. तीन माणसांची जागा. पडद्यावर तिथं एक ठिपका. गणिताला सगळं ठाऊक आहे रे. रडारनं दोन श्वास मोजलेत, गणितात दोन कण आहेत. फक्त दाखवणारा गप्प बसलाय."

"मग गणितच बोंब का मारत नाही?"

"कारण मीच ठरवलं होतं की बोंब एकाच ठिकाणाहून व्हावी. पडद्यावरून."

भिंतीवर वळणाची जागा शांत, हळदीसारखी पिवळी दिसत होती. बाहेर ढोलांचा ठेका बदलला. पालखी उचलायची तयारी चालली होती. पालखी निघाली की तिच्यामागे गडावरची सगळी माणसं उतरणार, आणि दीपमाळांपाशी त्यांची गाठ पडणार होती ती वर चाललेल्या, पडद्यावर अर्ध्याच दिसणाऱ्या गर्दीशी. सात वर्षांपूर्वीची जागा, तीच दुपार.

"खालचं फाटक बंद कर," तिनं रुबीनाला सांगितलं, आणि तात्यांना फोन लावला.

"तात्या, पालखी उचलू नका. पडदा चुकीचा आहे."

ढोलांच्या आवाजातून तात्यांचा आवाज आला. "लाल झालाय का?"

"नाही, पिवळाच आहे, पण तो खोटा आहे. पडद्याचं ऐकू नका, माझं ऐका."



"पोरी," तात्या म्हणाले, "मागल्या बारीला म्या लोकांचं ऐकत बसलो आन् तुझा मामा गेला. तूच माझ्या हातावर भंडारा ठिवलास. कुनाच्याबी शब्दावर थांबायचं न्हाई, तुझ्याबी न्हाई, हे शब्द तुझेच व्हते. आता इथं चार भावक्यांचे मानकरी हायेत. आज लेकीच्या सांगन्यावरनं थांबवली, तर उद्या जो तो आपापल्या लेकाच्या सांगन्यावरनं थांबवंल. पडदा लाल कर, मी थांबतो."

संयोगिताला राग आला, आणि रागाच्या मागोमाग अभिमान वाटला. तिनं म्हाताऱ्याला शिकवलं होतं आणि तो शब्दाला जागत होता.

"बरोबर आहे तुमचं. पालखी सावकाश उचला," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"मॅडम, हातानं लाल करते," रुबीनानं ब्रशच हातात घेतल्यासारखं बोट वर धरलं. "वळणावर रंग ओतायचा. कोणाला कळणारे?"

तेवढं करणं अगदी सोपं होतं. संयोगिताला मोह झाला नाही असं नाही. पण हा पडदा सगळ्या गावानं मानला होता तो एकाच गोष्टीवर: त्यात कोणाचा हात नसतो.

"आज खोटा लाल दाखवला तर पुढच्या वर्षी खरा लाल कोण मानेल? नको. खरं तेच दाखवू. मला खुर्ची दे."

तिनं ती ओळ काढली. नवी फाइल बाहेर पडली, आणि भिंत करडी झाली. सगळी टेकडीच पुसली गेली.

"या अल्ला," रुबीना म्हणाली.

"चित्रवाला अडून बसला. एका जागी दोन बिंदू त्याला चालत नाहीत." बोलता बोलता संयोगिता टाइप करत होती. हे काम तिला येत होतं. जगात कोणाला येत नसेल इतकं येत होतं. "एका जागी दोन माणसं कधी नसतातच. उचललेलं माणूस छातीच्या उंचीवर असतं. रडार उंची देतो, गणित उंची ठेवतं, आणि मी निर्यात करताना उंची पायरीएवढीच लिहीत आले. आता खरी उंची लिहिते. आणि आडव्या माणसाला आडवी जागा."

बाहेर 'सदानंदाचा येळकोट' अशी आरोळी उठली. पालखी उचलली गेली.

"आधी एकच फाइल सोडून बघ," सौमित्र म्हणाला.

"तेच करतेय."

एक फाइल सुटली. भिंतीच्या कोपऱ्यात छोटीशी टेकडी उमटली, तिच्यावर ठिपके, आणि कित्येक ठिपक्यांच्या खांद्याशी दुसरा लांबट ठिपका. संयोगितानं श्वास घेतला आणि सगळ्या फाइली मोकळ्या सोडल्या.

टेकडी परत आली. आधी हिरवी, मग पायथ्यापासून वर सरकत पिवळी, मग केशरी, आणि दीपमाळांपाशी रक्तासारखी लाल. रुबीनानं पुढच्या दहा मिनिटांचं चित्र पुढे केलं. त्यात वळण लाल नव्हतंच. काळं होतं. तो रंग त्या पडद्यावर आजवर कोणी पाहिला नव्हता.

दोन-चार पायऱ्या उतरलेली पालखी पडद्यावर थबकली.

*

फोन तात्यांचाच आला. "थांबलो. फाटकं मिटली?"

"वरचं मिटलं, खालचं मिटतंय. पण तात्या, एवढ्यानं भागत नाही. मधल्या पायऱ्यांवर जे आहेत ते तसेच दाटलेत. बायकांना खाली उतरवून दोघं शेजारी उभी राहिली तर जागा होईल, माणसं हलायला लागतील. भोंग्यावरून सांगू का?"

"तू सांगून कोन ऐकतंय? पैज लागलीय पोरांची. आधी ठिवला तो हरला." मग तेच म्हणाले, "माझा आवाज भोंग्यावर सोड."

रुबीनानं कळ दाबली. पडद्यावर कणच दिसतात, चेहरे नाहीत. म्हणून तिनं गडावरचा एक साधा कॅमेराही लावला. त्यात तात्या दिसले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली, आणि पायरीच्या मधोमध अंथरली.

भंडारटेकची पालखी नदीला लागेपर्यंत जमिनीला टेकवत नाहीत. खांदे बदलतात, पावसात भिजतात, पण पालखी टेकवत नाहीत. तात्यांच्या आज्यानं म्हणे ताप अंगात घेऊन ती नेली होती. भोवतीचे मानकरी तात्यांकडे बघतच राहिले. एक जण काही बोलायला पुढे झाला.

"पडदा लाल हाय," तात्या त्याला म्हणाले. "माझ्या बेल-भंडाराची जबाबदारी माझी. टेकवा."

आणि पालखी घोंगडीवर टेकली. तात्यांचा आवाज सगळ्या खांबांवरून एकदम आला.

"मंडळी, मी यशवंत मासाळ बोलतोय. ऐका. देव खाली बसला. माझ्या घोंगडीवर बसलाय. आता ज्यानं त्यानं आपली लक्ष्मी खाली ठिवा. पाच पायऱ्या कवाच झाल्या तुमच्या. पैज लावली आसंल त्यानं आज खंडोबाच्या नावानं हार मानली म्हना, कुनाची इज्जत जात न्हाई. ज्यानं आधी ठिवली त्याचा दंडवत देवानं आधी घेतला. ठिवा लेकरांनो. सावकाश. हात सोडू नगा एकमेकांचा."

क्षणभर काहीच हललं नाही. मग दीपमाळेच्या खालच्या बाजूला एक लांबट ठिपका खाली उतरला आणि गोल झाला. शेजारी दुसरा. मग दहा, वीस, मोजता येईनात इतके. कॅमेऱ्यात दिसत होतं ते असं: तो पैलवान नवरा बायकोला हलकेच पायरीवर ठेवत होता आणि वर पालखीकडे बघून हात जोडत होता. बायका पदर सावरत आपल्या पायांवर उभ्या राहत होत्या. मधे मधे फटी पडल्या. फटीतून माणसं बाजूच्या उतारावर सरकू लागली.

काळं लाल झालं. लाल केशरी झालं. संयोगिता भिंतीसमोर उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. वळण पिवळं झालं. खरं पिवळं.

"तात्या, पिवळा," ती म्हणाली.

"बघतोय की. मला काय दिसत न्हाई व्हय?" तात्या म्हणाले, आणि पालखी उठली.

त्या दिवशी देवाच्या आंघोळीला उशीर झाला. दोघींना चक्कर आली, एकाचा पाय मुरगळला, आणि एका नवरीचा बाजूबंद हरवला तो दुसऱ्या दिवशी सापडला. जत्रा म्हटल्यावर एवढं चालायचंच.

*

संध्याकाळी पायऱ्या मोकळ्या झाल्या. तात्या नदीवरून परतले ते नियंत्रण खोलीतच आले. घोंगडीवर पालखीच्या चार पायांचे ठसे भंडाऱ्यानं पिवळे उठले होते. ती त्यांनी झटकली नाही, तशीच घडी करून मांडीवर घेतली.

"देवस्थानची मंडळी विचारत्यात, जोडपं एक धरायचं का दोन?" ते म्हणाले. "रीत मोडली म्हनून दोघंतिघं कुरकुरत्यात."

"मोडली नाही. आता दोन फाइली निघतील," संयोगिता म्हणाली. "एक देवासाठी. तिच्यात जोडपं एकच. दुसरी पायऱ्यांसाठी. पायरीला रीत कळत नाही तात्या, तिला वजन कळतं."

"हे बरं केलंस." तात्यांनी मान डोलावली. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "धोंडीच्या येळंला हे आसतं तर," ते म्हणाले. संयोगितानं त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"फोनवर मी थांबलो न्हाई, राग आला आसंल तुला."

"आला होता. थांबला असतात तर जास्त आला असता."

तात्या तोंडभर हसले. मग त्यांना आठवण झाली. "जावईबापू, तुमच्या किती झाल्या?"

"तीन," सौमित्र पडेल आवाजात म्हणाला. तो दुपारपासून पाठीशी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसला होता. "तात्या, उरलेल्या दोन पुढच्या वर्षी केल्या तर?"

"देवाचं अर्धं ठिवत न्हाईत."

"मी उचलतो, पण मग मलाही कोणीतरी खाली आणावं लागेल."

संयोगितानं खुर्ची मागे सारली. "चल. दोनच तर आहेत."

तिघं पायऱ्यांपाशी आली. दिवे लागले होते, पायऱ्या पाण्यानं धुतल्या होत्या आणि तरी फटीफटींत हळद चमकत होती. तिसऱ्या पायरीवर जाऊन सौमित्रनं बाह्या सारल्या आणि वाकायला लागला. संयोगितानं त्याला थांबवलं, त्याच्या गुडघ्यांखाली एक हात घातला, पाठीमागे दुसरा, आणि त्याला उचललं. गुडघ्यातून, कंबरेतून नाही.

"अगं!" सौमित्र ओरडला. "तात्या, हे चालतं का?"

"मला काय इचारता?" तात्या म्हणाले. "देवाला दोन बायका. कुनी कुनाला कवा उचललं ह्याचा हिसाब त्यानं कवाच सोडलाय."

संयोगिता चौथ्या पायरीवर चढली. तिच्या कानात खरखरलं. रुबीना अजून पडद्यासमोर होती.

"मॅडम, आता दोघंही दिसताय. एकावर एक." ती खिदळली. "आणि मॅडम, खालचा ठिपका तुमचा आहे बरं का."

"माहीत आहे," संयोगिता म्हणाली आणि पाचवी पायरी चढली.